चावी सगळ्यात शेवटी: फ्लॅट भाड्याने देताना कोणतं काम कधी करायचं

महाराष्ट्रात घर भाड्याने देणाऱ्यांना बहुतेक गोष्टी माहीत असतात. करार करायचा, डिपॉझिट घ्यायचं, पोलिसांना कळवायचं, सोसायटीला पत्र द्यायचं. घोळ होतो तो क्रमात. शनिवारी फ्लॅट पसंत पडतो, रविवारी टेम्पो येतो म्हणून चावी दिली जाते आणि करार "पुढच्या आठवड्यात" होणार असतो. एकदा सामान आत गेलं की तो पुढचा आठवडा सरकत राहतो.

माझा पहिला फ्लॅट मी असाच दिला. करार व्हायला दोन महिने लागले, आणि तोवर "मेंटेनन्स भाड्यातच धरलाय असं ठरलं होतं" हे त्यांचं म्हणणं पक्कं झालं होतं. माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. महिन्याला २,४०० रुपये, ११ महिने, खिशातून भरले. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: चावी सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्या नियमाभोवती लावले आहेत. ते त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: जाहिरात देण्याआधी घर आणि कागद

आधी घरात एक तास काढा. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढा, दहा मिनिटं पाणी वाहू द्या. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघून या. ओल असेल तर आत्ताच कळेल. भाडेकरू राहायला आल्यावर कळली, तर दुरुस्ती त्याच्या सुट्टीच्या दिवसांवर अवलंबून राहते आणि खालच्यांशी वाद मात्र तुमचा. गिझर, एसी, मिक्सर एकाच वेळी लावून एमसीबी पडतो का ते पाहा. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला तर वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. रंगापेक्षा हा खर्च आधी.

आता कागद. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) किंवा खरेदीखताची प्रत, मिळकत कराची चालू पावती, ताजं लाइट बिल, तुमचं आधार आणि पॅन एका फोल्डरमध्ये ठेवा. सोसायटीची थकबाकी असेल तर फेडा. थकबाकीदार मालकाचं पत्र कमिटीत सहज पुढे सरकत नाही. घरावर कर्ज असेल तर कर्जकरारात भाड्याने देण्याबद्दल काही अट आहे का ते वाचा.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर करारात दोघंही लागतात. एक जण परगावी किंवा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्राची तयारी जाहिरातीच्या आधी सुरू करा. हे काम दोन दिवसांत होत नाही, आणि पसंत पडलेला भाडेकरू तेवढा थांबत नाही.

तपासा: लाइट बिलावरचा मीटर नंबर आणि खाली मीटरच्या खोलीतला तुमचा मीटर एकच आहे ना? शेजाऱ्याचं आणि आपलं बिल वर्षभर उलटसुलट भरल्याची उदाहरणं आहेत.

## टप्पा २: भाडं ठरवणं

वेबसाइटवर दिसतं ते मागितलेलं भाडं. ठरलेलं भाडं वेगळं असतं. ते तुमच्याच इमारतीतल्या दोन-तीन मालकांना किंवा वॉचमनला विचारा. वॉचमनला नेमका आकडा माहीत नसेल, पण कोणता फ्लॅट किती महिने रिकामा होता हे तो अचूक सांगतो, आणि ती माहिती जास्त कामाची आहे.

हजार रुपयांसाठी अडून बसण्याआधी हिशोब करा. २०,००० ला भाडेकरू तयार आहे, तुम्हाला २१,००० हवेत. महिनाभर थांबून ते मिळाले, तर ११ महिन्यांत ११,००० जास्त आले आणि रिकाम्या महिन्याचे २०,००० गेले. वर मेंटेनन्स चालूच होता.

गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणार असाल तर हाच हिशोब खरेदीच्या आधी करायचा. समजा ६० लाखांचा फ्लॅट, भाडं १८,०००. वर्षाचे २,१६,००० म्हणजे ३.६ टक्के, आणि लोक इथेच थांबतात. त्यातून मेंटेनन्सचे ३६,०००, मिळकत कराचे १२,००० आणि रंग, दुरुस्ती किंवा रिकाम्या महिन्याचे १८,००० वजा करा. उरले दीड लाख, म्हणजे अडीच टक्के. हा आकडा गृहकर्जाच्या व्याजदराशेजारी लिहा आणि मग ठरवा. भाड्यातून हप्ता निघेल हे बिल्डरच्या सेल्स ऑफिसात ऐकायला छान वाटतं.

## टप्पा ३: माणसं पारखणं

फोनवर चार प्रश्न: किती जण राहणार, काम कुठे, सध्याचं घर का सोडताय, कधीपासून हवंय. "उद्यापासून" म्हणणारा वाईटच असतो असं नाही, पण त्याला आणखी दोन प्रश्न विचारा.

ओळखपत्रांच्या मूळ प्रती समोर बघा, नुसते व्हॉट्सॲपवरचे फोटो नकोत. नोकरी असेल तर ऑफिसचं ओळखपत्र आणि पगाराची स्लिप मागा. आधीच्या घरमालकाशी बोला, आणि शक्य असेल तर त्याच्याही आधीच्या. सध्याच्या मालकाला कदाचित हा माणूस कधी जातो असं झालेलं असतं, त्यामुळे तो तोंडभरून कौतुक करील. त्याआधीच्याला खोटं बोलायचं कारण उरलेलं नसतं.

चार-पाच मुलं किंवा मुली मिळून घेणार असतील, तर राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवं. "करार माझ्या नावावर करा, बाकीचे मित्र आहेत" हे ऐकू नका. ज्याच्या नावावर करार तो सहा महिन्यांनी नोकरी बदलून जातो, आणि घरात ज्यांच्याशी तुमचा काही करार नाही अशी चार माणसं उरतात.

टोकन घेतलंत तर लगेच एक मेसेज पाठवा: किती मिळाले, कशासाठी, भाडेकरूने माघार घेतली तर काय, तुम्ही घेतली तर काय. समोरून "ओके" आलं की पुरे.

सावध: जाहिरात टाकली की एक ठरावीक फोन येतो. "मी लष्करात आहे, बदली झालीय, घर न बघताच घेतो, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो." मग एक क्यूआर कोड येतो आणि पैसे मिळवण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाका असं सांगतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फोन ठेवून द्या.

## टप्पा ४: अटी आधी एका पानावर

करार करायला बसण्याच्या दोन दिवस आधी सगळ्या अटी साध्या मराठीत एका पानावर लिहून भाडेकरूला पाठवा. माझे महिन्याला २,४०० रुपये या पानाअभावी गेले. पानावर एवढं हवं:

- भाडं किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात
- मेंटेनन्स कोण भरणार (भाड्यात धरला असेल तर तसं स्पष्ट)
- लाइट, गॅस, इंटरनेट, पाण्याचा टँकर यांचे पैसे कोणाचे
- डिपॉझिट किती, कधी परत, कशाकशापोटी कापणार
- लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) किती महिने, त्यानंतर नोटीस किती, आणि ती दोघांना सारखी का
- किरकोळ दुरुस्तीची मर्यादा: किती रुपयांपर्यंत भाडेकरू, त्यावर मालक
- मुदत वाढली तर भाडेवाढ किती टक्के
- पार्किंग नेमकं कोणतं, आणि पाळीव प्राणी

टँकरचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मार्च ते जून या काळात काही सोसायट्यांमध्ये टँकरची वर्गणी वेगळी लागते, आणि करारात "पाणी" हा शब्दच नसतो.

## टप्पा ५: करार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

पहिली चूक: ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको. ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घरात राहायची परवानगी देणारा, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी असायला हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी. मुदत ११ महिने असो की ३६, नियम तोच. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडापेक्षा महागात पडणारी गोष्ट त्याच कलमात आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. ते सिद्ध तुम्ही करायचं. भाडं १२,००० ठरलं होतं असं तो म्हणाला, तर २०,००० ठरल्याचा पुरावा तुम्ही शोधायचा.

दुसरी चूक: स्टॅम्प पेपरवर नोटरी केलं की झालं. नाही झालं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर शिक्का मारून घेतलेला कागद कलम ५५ ची अट पुरी करत नाही.

तिसरी चूक: खर्चाला घाबरणं. हिशोब करून बघू. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, आणि ते पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. भाडं २०,०००, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने. भाडं झालं २,२०,०००. डिपॉझिटवरचं ११ महिन्यांचं व्याज सुमारे ९,१६७. बेरीज २,२९,१६७, आणि तिचे पाव टक्का म्हणजे ५७३ रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. त्यावर एजंटची मजुरी आणि किरकोळ शुल्क. वर्षाच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नाही. मुद्रांक शुल्काचा हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना लागतो, तेव्हा भाडेकरू विश्वासाचा वाटत असेल तर दरवर्षी ११ महिन्यांची कसरत करण्याऐवजी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करून भाडेवाढ आतच लिहिता येते.

नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मसुदा भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं आणि आधारशी जोडलेला अंगठा द्यायचा. बहुतेक जण हे एजंटकडून करून घेतात. तो लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन घरी येतो. करारात घराला "लायसन्स्ड प्रिमायसेस", तुम्हाला "लायसन्सर" आणि भाडेकरूला "लायसन्सी" म्हटलेलं असतं. हे शब्द तसेच राहू द्या. "टेनंट", "रेंट", "लीज" असे शब्द मध्येच आलेला मसुदा स्वीकारू नका. लायसन्समध्ये राहण्याची परवानगी असते, भाडेपट्ट्यात जागेत हक्क निर्माण होतो. उद्या वाद झाला तर हा फरक काढला जाईल.

अंगठा देण्याआधी तपासा: एजंट जुन्या मसुद्यावरच नवी नावं टाकतात. माझ्या एका करारात विंग बी ऐवजी डी आली होती. कायद्याच्या दृष्टीने मी शेजारच्या इमारतीतला दुसऱ्या कोणाचा तरी फ्लॅट भाड्याने देत होतो. म्हणून पडद्यावर एकेक ओळ वाचा: विंग, फ्लॅट नंबर, मजला, सर्व्हे किंवा सिटीएस नंबर, सुरुवात आणि शेवटची तारीख, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आधारप्रमाणे नावं. एजंटला घाई असते. तुम्हाला नसावी.

मसुद्यात हे आहे ना तेही बघा: पोटभाडेकरू ठेवायला मनाई, पूर्वसूचना देऊन घर पाहायचा मालकाचा हक्क, मुदत संपल्यावर न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई, डिपॉझिट परत करण्याची पद्धत, आणि घरातल्या वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून. यादीत "एसी १" असं न लिहिता कंपनी आणि सीरियल नंबर लिहा.

डिपॉझिट आणि पहिलं भाडं बँकेतून घ्या आणि व्यवहाराचा नंबर करारात टाका. रोखीने घेतलेलं डिपॉझिट परत करताना दोघांच्या आठवणीत आकडा वेगळा निघतो.

## टप्पा ६: पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन देता येते. अनेक शहरांत पोलीस आयुक्तांचे आदेश वेळोवेळी निघतात, आणि माहिती न दिल्यास घरमालकावर गुन्हा दाखल होतो. फॉर्म भरल्यावर मिळणारी पोचपावती डाउनलोड करून फोल्डरमध्ये टाका. "एजंटने केलं असेल" यावर विसंबू नका, पावती मागा.

सोसायटीची परवानगी लागते का? हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागत नाही. मात्र आठ दिवस आधी कळवावं लागतं आणि करार व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. तेव्हा पत्राचा मथळा "परवानगी मिळण्याबाबत" नको, "कळविण्याबाबत" हवा, आणि पोच घ्या. तरीही सेक्रेटरीशी आधी दोन शब्द बोलून ठेवलेले बरे. नियम तुमच्या बाजूने असला, तरी लिफ्टने सामान वर न्यायचं आहे.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावू शकते. त्याची कमाल मर्यादा १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरलेली आहे: सेवाशुल्काच्या १० टक्के. सेवाशुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे. बिलात मिळकत कर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी असं बरंच असतं, त्यावर हे १० टक्के लावायचे नाहीत. बिल काढून एकदा आकडेमोड करा. आई-वडील, मुलं अशा जवळच्या कुटुंबीयांना राहायला दिलं तर हे शुल्क लागत नाही.

## टप्पा ७: चावीचा दिवस

आता चावी. त्याआधी हातात चार गोष्टी हव्यात: नोंदलेला करार, खात्यात जमा डिपॉझिट, पोलिसांची पोचपावती, सोसायटीची पोच. यातली एक जरी राहिली असेल तरी टेम्पो एक दिवस थांबेल.

भाडेकरूला घेऊन घर सामान येण्याआधी फिरा. मोबाइलवर न थांबता एक व्हिडिओ काढा, दारापासून सुरुवात. दाराच्या बाहेर नंबरपाटी दिसली पाहिजे. प्रत्येक खोलीत आधी छत, मग भिंती, मग फरशी. भिंतीवरचे जुने खिळे, ओट्यावरचा तडा, टाइलचा टवका, काचेवरची चीर यांच्याजवळ कॅमेरा नेऊन तोंडाने सांगा: "मागच्या बेडरूममध्ये खिडकीखाली ओलीचा डाग, हा आधीपासून आहे." तुमच्या तोंडून त्याच्या बाजूची गोष्ट निघाली की भाडेकरूलाही हा व्हिडिओ आपल्याविरुद्ध वाटत नाही. ट्रॉल्या ओढून दाखवा, गिझर लावून नळाखाली हात धरा, एसीचा रिमोट दाखवा. शेवटी खाली जाऊन मीटरवरचं रीडिंग, मीटर नंबरासकट. व्हिडिओ तिथल्या तिथे त्याला पाठवा.

मग चाव्या. किती दिल्या ते मोजून मेसेजमध्ये लिहा: मुख्य दार २, सेफ्टी डोअर २, टेरेस १, लेटरबॉक्स १. एक संच स्वतःकडे ठेवणार असाल तर तसं सांगा, लपवू नका. तो संच आगीसाठी, पाणी फुटल्यासाठी. सहज डोकावण्यासाठी नाही.

गॅसचा मुख्य कॉक, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि एमसीबीचा बोर्ड कुठे आहे ते आत्ताच दाखवा. रात्री दोनला नळ तुटल्यावर ते फोनवर सांगणं फार अवघड जातं.

## टप्पा ८: मधले महिने

यातलं बरंचसं तुम्हाला आपोआप जमेल, म्हणून थोडक्यात.

भाडं उशिरा आलं तर पहिल्याच महिन्यात तारखेच्या तिसऱ्या दिवशी मेसेज करा. सौम्य, पण लेखी. दोन महिने भिडेपोटी गप्प राहिलात तर तिसऱ्या महिन्यात तुमचीच सुरुवात तक्रारीने होते. डिपॉझिटमधून भाडं वळतं करायला मध्येच मान्यता देऊ नका. दुरुस्तीची तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या, प्लंबर दोन दिवसांनी आला तरी चालेल. घर बघायला जायचं असेल तर आधी विचारून जा.

भाडं उत्पन्नात दाखवायचंच आहे. वर्षाचं भाडं एक लाखापेक्षा जास्त असेल आणि भाडेकरू घरभाडे भत्त्याची सवलत घेत असेल, तर तो तुमचा पॅन त्याच्या ऑफिसात देतो. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही, आणि गरजही फारशी नाही. तुम्ही भरलेला मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाची बिलं न दाखवता. गृहकर्जाचं व्याज वेगळं. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल, तर व्यक्तिगत भाडेकरूलाही टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. मालक अनिवासी भारतीय असेल तर ही मर्यादा आणि हा दर लागू होत नाही, कापायची रक्कम बरीच मोठी असते. अशा वेळी पहिलं भाडं घेण्याआधी सीएला विचारा.

सर्वात मोठी चूक या टप्प्यातली: करार संपून गेला तरी भाडं येतंय म्हणून गप्प बसणं. मुदत संपण्याआधी ६० दिवसांवर मोबाइलमध्ये आठवण लावा. नूतनीकरण करायचं असेल तर नवा करार, पुन्हा नोंदणी. करायचं नसेल तर तेव्हाच लेखी कळवा.

## टप्पा ९: घर परत घेणं

सोडण्याच्या दिवसाआधी एक आठवडा घर एकत्र पाहा, चावीच्या दिवसाचा व्हिडिओ हातात घेऊन. काय दुरुस्त करून द्यायचं हे भाडेकरूला आधी कळलं तर तो स्वतःहून करतो, आणि स्वस्तात करतो. वापराने येणारा जुनेपणा कापायचा नसतो. दोन वर्षांनी रंग फिका पडणारच. तुटलेली सिंक, जळालेला ओटा, भोकं पाडलेल्या टाइल्स ही वेगळी गोष्ट. कापणार असाल तर बिल दाखवून कापा. "साफसफाईचे ५,०००" असा गोल आकडा भांडण ओढवून आणतो.

शेवटच्या दिवशीचा क्रम: मीटर रीडिंगचा फोटो, लाइट आणि गॅसची शेवटची बिलं, मेंटेनन्सचा हिशोब, चाव्या मोजून परत, मग डिपॉझिट. शेवटचं बिल यायचं असेल तर फक्त तेवढ्या अंदाजाची रक्कम मागे ठेवा, सगळं डिपॉझिट नाही. पैसे बँकेतून द्या आणि एका ओळीची पावती घ्या: "घर व चाव्या परत दिल्या, डिपॉझिटचा पूर्ण हिशोब मिळाला, काही बाकी नाही." तारीख आणि सही.

आणि सोडलंच नाही तर? कुलूप बदलू नका, पाणी-वीज तोडू नका, चार माणसं घेऊन जाऊ नका. त्या क्षणी चूक तुमची होते आणि पोलिसांत तक्रार त्याची. याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये राहत्या जागेसाठी वेगळा मार्ग आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा. तिथे लेखी करारात लिहिलेल्या गोष्टी निर्णायक पुरावा मानल्या जातात, भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. अर्ज वकिलामार्फत करा. त्याच्यासमोर ठेवायचा कागद टप्पा ५ मधला. तो नसेल तर हा रस्ता फार लांबचा होतो.

घर ताब्यात आलं की त्याच दिवशी दोन कामं करा. पोलिसांच्या आणि सोसायटीच्या नोंदीत भाडेकरू गेल्याचं लेखी कळवा. आणि मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदलून घ्या. परत आलेल्या चाव्या मोजता येतात, बनवून घेतलेल्या येत नाहीत.